सोलापूर : एचआयव्हीची औषधं सुरू करताना आणि चालू ठेवताना माणूस नेमका कुठे सुटतो?

रातराणी
एचआयव्हीची औषधं आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रात फुकट मिळतात. पूर्वी सीडी४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, ठरावीक आकड्याखाली येईपर्यंत थांबायला लागायचं. सुरुवातीला तो आकडा २०० होता, नंतर ३५० झाला. २०१७ मध्ये ती अटच गेली. तपासणी पक्की झाली की सीडी४ कितीही असो, औषध सुरू. आता तर बहुतेक मोठ्या माणसांना दिवसाला एकच गोळी असते. टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर अशी तीन औषधं त्या एका गोळीत आहेत, केंद्रात तिला टीएलडी म्हणतात.

एवढं सगळं असून आपल्या सोलापुरात माणसं उशिरा येतात, नाहीतर येतात आणि मधेच दिसेनाशी होतात. मी बरीच वर्षं या कामात आहे. औषध फुकट असताना माणूस जाणं मला सहन होत नाही, म्हणून हा धागा काढतेय.

माझ्या बघण्यात माणूस तीन जागी सुटतो. रिपोर्ट हातात पडल्यापासून पहिली गोळी पोटात जाईपर्यंतचा काळ सगळ्यात वाईट. ऑपरेशनच्या आधी, बाळंतपणात, नाहीतर ताप हटत नाही म्हणून खासगी लॅबमध्ये तपासणी होते. सांगणारा घाईत असतो. माणूस कागद खिशात घालून घरी जातो, कोणाजवळ बोलत नाही, आणि काही महिन्यांनी टीबी घेऊन वॉर्डात भेटतो. दुसरी जागा तब्येत सुधारल्यावरची. वजन परत येतं, कामावर जायला लागतो, आणि 'आता कशाला रोज गोळी' सुरू होतं. तिसरी जागा गाव बदलण्याची. माग बंद पडला म्हणून भिवंडीला गेले, लेक विजापूरला दिली म्हणून आई तिकडं राहिली, टोळी ऊसतोडीला गेली. जुन्या केंद्रात नाव आहे, नव्या केंद्रात पाऊल पडलेलं नाही.

आमच्याकडे नवीन कार्यकर्ते येतायत. त्यांच्या हातात उपदेशाचं पुस्तक द्यायची माझी इच्छा नाही. तुम्ही स्वतः गोळ्या घेत असाल, घरात कोणी घेत असेल, तर तुम्हाला कशानं टिकवलं आणि कशानं मोडलं ते लिहा. नाव, गल्ली, कामाची जागा असं ओळख पटेल ते काही लिहू नका.

विसावा_घाट
ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. माझ्या मामाचा विषय आहे. पन्नाशीच्या आत आहे, टॉवेलच्या कारखान्यात काम करतो. हर्नियाच्या ऑपरेशनआधी खासगी दवाखान्यात रक्त तपासलं तर पॉझिटिव्ह आलं. तिथं 'आम्ही हे ऑपरेशन करत नाही' म्हणून सांगितलं, तेही बाकीचे पेशंट ऐकत असताना. मामा आता घरात बसून आहे. मामीला सांगितलेलं नाही. मला म्हणतो, 'मी धडधाकट आहे, होईल तेव्हा बघू.' घरात मला एकट्यालाच माहीत आहे. पुढं काय करायचं ते कळंना झालंय.

रातराणी
विसावा_घाट, तुम्हाला माहीत आहे ही मामाच्या दृष्टीनं फार मोठी गोष्ट आहे. माझ्या बघण्यात जी माणसं टिकली त्यांच्यातल्या बहुतेकांना पहिल्या आठवड्यात असा एक माणूस मिळाला होता.

आधी त्या खासगी रिपोर्टवर थांबू नका. मामाला घेऊन सिव्हिलच्या आयसीटीसीत जा, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात. तिथं वेगवेगळ्या तीन किटवर रक्त तपासून मगच पॉझिटिव्ह म्हणतात. फुकट असतं. तपासणीआधी आणि नंतर समुपदेशक बोलतात, ते बोलणं टाळू नका. पक्कं झालं की तिथूनच एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात पाठवतात. तिथं नाव नोंदतात, औषधांच्या नोंदीचं हिरवं बुक देतात, रक्ताच्या बाकीच्या तपासण्या, छातीचा एक्सरे, टीबीची चौकशी होते.

तुम्ही फक्त सोबत जा. मामाला पटवायला बसू नका. 'नुसतं तपासून येऊ, गोळीचं तिथले लोक सांगतील' एवढंच म्हणा. पुढच्या आयुष्याचं सगळं ओझं पहिल्या दिवशी डोक्यावर ठेवलं की माणूस पाय मागं घेतो.

मामीचं : तिचीही तपासणी व्हायलाच पाहिजे, पण सांगायचं मामानं, शक्यतो समुपदेशकासमोर. तुम्ही परस्पर सांगू नका.

आणि ऑपरेशन नाकारणं बेकायदा आहे. एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ मध्ये झाला, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाही, नोकरीवरून काढता येत नाही, भाड्याची खोली नाकारता येत नाही, आणि माणसाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती दुसऱ्याला सांगता येत नाही. भांडण नंतर करू, आधी गोळी सुरू होऊ द्या. काही अडलं तर १०९७ हा नॅकोचा, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा फुकट फोन आहे, तिथं मराठीत बोलता येतं.

जनरल_ओपीडी
मी डॉक्टर आहे, जिल्ह्यातच प्रॅक्टिस करतो. वरच्या सगळ्याला अनुमोदन. 'धडधाकट आहे, होईल तेव्हा बघू' या वाक्याबद्दल लिहितो, कारण ते मी फार वेळा ऐकलंय.

पूर्वी आम्ही डॉक्टर लोकही असंच वागायचो, सीडी४ खाली येईपर्यंत थांबायचो. २०१५ मध्ये स्टार्ट नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निकाल आले. सीडी४ ५०० च्या वर असताना, म्हणजे माणूस धडधाकट असताना औषध सुरू केलेल्यांत गंभीर आजार आणि मृत्यू निम्म्याहून कमी झाले. म्हणून आता पक्कं निदान झाल्यापासून सात दिवसांच्या आत औषध सुरू करायचा प्रयत्न असतो. पेशंटची तयारी असेल तर त्याच दिवशीही करतात.

एक अपवाद ध्यानात ठेवा. आधीच टीबी असेल तर टीबीची औषधं पहिली, मग साधारण दोन आठवड्यांत एआरटी. मेंदूच्या आवरणाचा टीबी किंवा तिथंच क्रिप्टोकॉकस या बुरशीचा संसर्ग असेल तर निदान चार आठवडे थांबावं लागतं. प्रतिकारशक्ती एकदम जागी झाली की दबलेला आजार उसळतो आणि मेंदूत ते जिवावर बेतू शकतं. म्हणून खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं, खूप डोकेदुखी यातलं काहीही असेल तर मामांना ते पहिल्याच भेटीत सांगायला लावा.

मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही सांगा. डोल्युटेग्राविरबरोबर त्याचा डोस मर्यादित ठेवावा लागतो. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांचं केंद्रात कोणी सांगत नाही, आणि घोटाळा तिथंच होतो.

भीमाकाठ
राम कृष्ण हरी. मी पंढरपूरकडचा. २००७ पासून गोळ्या खातोय, ते पण न चुकता. तेव्हाच्या गोळ्या लय जड होत्या. सकाळ-संध्याकाळ दोन टाइम. माझं गाल आत गेलं, हातपाय वाळल्यागत झालं, लोकं तोंडाकडं बघून वळखायची. तळपायाला मुंग्या यायच्या, रात्री झोप न्हाई. किती जणांनी त्या त्रासापायी सोडल्या. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ उचलत न्हाई. पुढं ते औषध बंद झालं, दुसरं आलं, त्यानं वंगाळ स्वप्नं पडायची. आता ही एक गोळी आलीय, हिचा मला कायबी त्रास न्हाई.

म्या का टिकलो, ते सांगतो. माझ्या बायकूला पहिल्या दिवसापासून ठाव हुतं. ती निगेटिव्ह निघाली. ती म्हणली, तुम्ही रात्री माळ घेऊन बसता तेव्हाच गोळी घ्यायची. आजतागायत तीच येळ हाय. वारीतबी गोळी संगं असती, डबीतनं काढून कागदात बांधून. उपासाच्या दिवशीबी घेतो.

माझं म्हणणं एवढंच, नवीन माणसाला जुन्या गोळ्यांच्या गोष्टी सांगून भेवडवू नका. माझं जुनं फोटू बघून एक पोरगा आठवडाभर केंद्रात गेला न्हवता.

जनरल_ओपीडी
भीमाकाठ काका, फार महत्त्वाचं लिहिलंत. लोकांच्या मनात अजून त्याच जुन्या गोळ्यांची भीती आहे. गाल आत जाणं स्टॅव्ह्युडिनमुळं व्हायचं, स्वप्नं एफाव्हिरेन्झची. दोन्हींची जागा आता दुसऱ्या औषधांनी घेतलीय. नव्या गोळीत काहींना सुरुवातीला झोप कमी लागते, त्यांनी ती सकाळी घ्यावी. काहींचं वजन वाढतं. उपासाचं अगदी बरोबर : ही गोळी जेवणाआधी, जेवणानंतर, उपाशीपोटी कशीही चालते. श्रावण, नवरात्र, रोजे, कशातही खंड पाडायचं कारण नाही.

पूर्वभाग
मी पूर्व भागातली. आई विडी कामगार आहे, बाबा यंत्रमागावर होते, ते गेले त्याच आजारानं. आईची गोळी चालू आहे. आमच्यात घरी तेलुगू चालते. आईला मराठी समजतं, पण डॉक्टर भरभर बोलले की ती नुसती मान हलवते. घरी येऊन मला विचारते, 'ते काय म्हणाले गं?'

आईची गोळी दोन वेळा सुटली. दोन्ही वेळा कारण एकच : दिवस. ब्रँचमध्ये रोज विड्या नेऊन द्यायच्या, तिथं नवीन पानं-तंबाखू घ्यायची. ज्या दिवशी विड्या दिल्या नाहीत त्या दिवसाची मजुरी गेली. केंद्राची वेळ आणि ब्रँचची वेळ एकच. रांग लांब, त्यात रक्त द्यायचं असलं की दुपार होते. तिकडं ब्रँचमध्ये 'कुठं जातीस सारखी' म्हणून विचारायला लागले. तिनं जायचंच सोडलं. आम्हाला वाटलं आई कंटाळली. तिला गोळीचा कंटाळा कधीच नव्हता.

नंतर केंद्रातल्या समुपदेशक अक्कांना मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. तेव्हा कळलं की तब्येत स्थिर असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देतात. आम्हाला ते माहीतच नव्हतं. आता आई तीन महिन्यांनी एकदाच जाते, 'बीपीचं औषध आणायला सिव्हिलला' म्हणून. त्यानंतर एकही गोळी चुकलेली नाही.

रातराणी
पूर्वभाग, हे मी नवीन कार्यकर्त्यांना जसंच्या तसं वाचून दाखवणार आहे, परवानगी द्या. गोळी सोडणाऱ्याला आपण 'गांभीर्य नाही' म्हणून मोकळे होतो. पोट हातावर असलेल्या बाईला महिन्याला एक दिवस म्हणजे काय ते समजून न घेता बोललेला एकही शब्द कामाचा नाही.

अजून एक, ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी. संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्ही बाधितांना दरमहा १५०० रुपये मिळू शकतात. आईवडील बाधित असतील तर मुलांना बालसंगोपन योजनेत दरमहा २२५० रुपये मिळू शकतात. एसटीच्या साध्या बसमध्ये प्रवास मोफत आहे. पण या शेवटच्या सवलतीचं मला नेहमी वाईट वाटतं. कार्ड कंडक्टरला दाखवावं लागतं, आणि आपल्या तालुक्याच्या गाडीवरचा कंडक्टर शेजारच्या गावचा निघतो. किती बायका पैसे देऊन तिकीट काढून येतात. सवलत देताना कार्डावर आजार न दिसेल असं काही करायला पाहिजे, याचा पाठपुरावा आपण सगळ्यांनी मिळून करावा असं मला मनापासून वाटतं.

पूर्वभाग
वाचून दाखवा ताई. फक्त त्यांना हेही सांगा की घरी येताना विचारून या. आईची गोळी सुटली होती तेव्हा एका संस्थेचे दोघं जण गल्लीत फाईल घेऊन आले आणि समोरच्या घरी आईचं नाव घेऊन पत्ता विचारला. गल्लीत कोणीही फाईल घेऊन आलं की लोक विचारतातच. आई त्यानंतर महिनाभर दारात बसली नाही. चांगल्या मनानं आले होते, मान्य आहे.

कुंभारवेस
पण मग शोधायचं कसं? मी काही दिवस असं काम केलंय. फोन बंद लागतो, नंबर बदललेला असतो. घरी गेलो नाही तर माणूस गेलाच. २०१७ मध्ये नॅकोनं मिशन संपर्क काढलं ते यासाठीच, गळालेल्यांना शोधून परत आणायला. घरी गेल्यामुळंच परत आलेली माणसं मी डोळ्यांनी बघितलीत. सगळंच गुपित ठेवायचं म्हटलं तर काम होणार नाही.

रातराणी
कुंभारवेस, तुमचं खरं आहे आणि पूर्वभागचंही खरं आहे. मी गुपिताच्या बाजूनं उभी राहीन, कारण एकदा गल्लीत बोभाटा झाला की ते घर केंद्राचंही तोंड बघत नाही. शोधायची सोय पहिल्या दिवशीच करून ठेवावी. नाव नोंदताना विचारायचं : फोन कोणत्या वेळी करू, दुसऱ्यानं उचलला तर काय सांगू, घरी आलो तर चालेल का, कोणत्या नात्यानं येऊ. काही बायका सांगतात 'बचत गटातून आले म्हणा', काही सांगतात 'घरी नको, देवळापाशी भेटू'. ते लिहून ठेवायचं आणि तंतोतंत पाळायचं. फाईल, बॅज, संस्थेची गाडी काहीही नको.

एक_सोलापूरकर
चर्चा वाचतोय. सगळ्यांचा आदर ठेवून विचारतो. या गोळ्यांनी अंगात उष्णता होते, किडनी जाते असं ऐकलंय. आमच्या ओळखीत एकानं गोळ्या बंद करून काढा सुरू केला, आता ठणठणीत आहे म्हणतात. जन्मभर विषारी औषध खाण्यापेक्षा तो मार्ग का नको? मुळासकट जातो असं सांगतात.

जनरल_ओपीडी
विचारलंत हे बरं केलंत, कारण हे मनात ठेवूनच बरेच जण गोळ्या सोडतात.

किडनीचं पूर्ण खोटं नाही. टेनोफोविरचा काही थोड्या लोकांच्या किडनीवर परिणाम होतो. म्हणूनच सुरुवातीला आणि नंतर अधूनमधून क्रिएटिनिन तपासतात, गरज पडली तर औषध बदलतात. फुकट तपासणी असते, ती चुकवू नये. उलट बाजूनं, औषधाशिवाय हा विषाणू स्वतःच किडनी खराब करू शकतो.

काढ्याचं : एड्स बरा करतो असा दावा करून औषध विकायला आपल्या देशात बंदी आहे. औषध नियमांच्या अनुसूची 'जे' मध्ये ज्या आजारांची नावं आहेत त्यात एड्स आहे. ओळखीतले गृहस्थ आज ठणठणीत असतील, कारण गोळ्यांनी कमावलेली ताकद काही काळ पुरते. त्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते तपासा. औषध बंद असेल तर काही आठवड्यांत विषाणू रक्तात परत येतो, माणसाला मात्र बराच काळ काही जाणवत नाही. आणि त्यांना काविळीचा बी विषाणू असेल तर अजून धोका, कारण या गोळीतली दोन औषधं त्यालाही दाबून ठेवतात. अचानक बंद केली तर लिव्हर सुजू शकतं.

भीमाकाठ
सोलापूरकर भाऊ, शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. हा विषाणू म्हंजे हरळी. वरनं कितीबी काढा, काशा जमिनीत खोल ऱ्हात्यात. खुरपणी चालू हाय तवर रान सोच्छ दिसतं. रान सोच्छ दिसतंय म्हणून खुरपं टाकलं की झालं. मुळासकट काढायचं औषध अजून दुनियेत कुठं आलं न्हाई. आलं तर मी पैल्यांदा रांगेत हुबा ऱ्हाईन.

त्या पाव्हण्याला म्हणावं काढा घ्यायचा तर डॉक्टरला दावून घे, पर गोळी सोडू नगं.

एक_सोलापूरकर
काका, डॉक्टर, पटलं. त्यांना घेऊन जातो. मधे इतके महिने बंद होत्या, आता केंद्रात रागावतील म्हणून ते जायला तयार नाहीत. परत घेतात का?

रातराणी
घेतात. नाव कायमचं कापत नाहीत, पुन्हा सुरू करता येतं. टीबीची चौकशी आणि रक्त तपासणी परत होईल. खरं काय ते सांगायचं, किती दिवस बंद होतं तेही. खोटं सांगितलं की 'गोळी चालू असून लोड वाढला' असं दिसतं, आणि डॉक्टर कारण नसताना औषध बदलायच्या विचाराला लागतात.

रागावण्याबद्दल केंद्रात काम करणारं कोणी वाचत असेल तर हात जोडून विनंती आहे. परत आलेल्या माणसाला दारातच ओरडू नका. तो किती धीर गोळा करून आलेला असतो ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत नाही. पहिलं वाक्य 'बरं झालं आलात' असावं, बाकी सगळं नंतर.

आठवा_महिना
मी आजवर कुठंच लिहिलं नव्हतं. मला पहिल्या गरोदरपणात तिसऱ्या महिन्यात कळलं. नवऱ्याचं नंतर तपासलं, तेही पॉझिटिव्ह. त्याच आठवड्यात गोळी सुरू केली. बाळ झाल्यावर त्याला पातळ औषध दिलं, दीड महिन्याचं असताना टाचेतून रक्त घेतलं, नंतर पुन्हा पुन्हा तपासलं, आणि अठरा महिन्यांनी शेवटची तपासणी निगेटिव्ह आली. अंगावरच पाजलं, पहिले सहा महिने वरचं पाणीसुद्धा नाही. आता दुसऱ्या वेळी दिवस राहिलेत.

गरोदरपणात मी एकही गोळी चुकवली नाही, बाळासाठी. बाळ निगेटिव्ह आल्यावर मात्र माझं मन गळून गेलं. वाटलं, काम झालं. सगळे बाळाचं विचारायचे, माझं कोणी विचारत नव्हतं. रात्री बाळ रडतंय, सासूबाई जवळ, डबी काढायची कशी? गोळ्यांच्या डबीचा खुळखुळ आवाज होतो, तो मला फार मोठा वाटायचा. डबीत कापूस घातला तेव्हा आवाज बंद झाला. ही एवढीशी युक्ती मला दुसऱ्या एका बाईनं केंद्राच्या बाकावर सांगितली.

रातराणी
आठवा_महिना, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. बाळंतपणानंतरचे महिने मी माझ्या यादीत धरलेच पाहिजेत. आईची गोळी आईसाठी असते, हे तिला कोणीतरी मुद्दाम सांगायला पाहिजे.

डबीत कापूस ठीक आहे, तो कोरडा असू द्या. डबी ज्वारीच्या कणगीत किंवा चुलीजवळ ठेवणाऱ्या बायका मी बघितल्यात. ओल आणि उष्णता दोन्ही टाळा. आपल्याकडचा उन्हाळा तर तुम्हाला माहीत आहे.

तिसरी_पाळी
माझं वय २२. मला जन्मापासून आहे. आई-वडील लहानपणीच गेले, आजीनं वाढवलं. मला 'रक्त कमी आहे म्हणून गोळी' असं सांगितलं होतं. चौदाव्या वर्षी केंद्राच्या भिंतीवरचा बोर्ड वाचून मला स्वतःला कळलं. आजीचा इतका राग आला की मी गोळ्या मोरीत टाकायला लागलो. आजी रोज विचारायची, घेतली का, मी हो म्हणायचो. लोड वाढला, नागीण झाली, शाळा बुडाली.

मला परत आणलं ते माझ्यासारख्याच एका दादानं. त्यानं गोळीचा विषयच काढला नाही. आम्ही सिद्धेश्वर तलावावर जाऊन बसायचो. तो नोकरी करत होता, त्याचं लग्न ठरत होतं, मुलीला सगळं माहीत होतं. मला तोवर वाटायचं आपल्याला पुढचं आयुष्यच नाही. पुढं काहीतरी आहे हे दिसल्यावर मी गोळी स्वतःहून मागितली.

लहान मुलांना मोठं व्हायच्या आत, वयाला झेपेल तसं, टप्प्याटप्प्यानं खरं सांगा. बोर्ड वाचून कळू देऊ नका.

कुंभारवेस
तिसरी_पाळी, शाब्बास भावा. आपल्या जिल्ह्यात पंढरपूरला मंगलताई शहा यांनी २००१ मध्ये पालवी सुरू केली, एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांसाठी. तिथली कितीतरी मुलं मोठी झालीत. तरुणांशी तरुणांनीच बोलावं हे मला पूर्ण पटतं. नवीन तुकडीत अशी दोन-चार मुलं घ्या ताई.

जनरल_ओपीडी
लग्नाचा विषय निघालाच आहे तर हे स्पष्ट लिहितो, कारण औषध चालू ठेवायला याच्याइतकं बळ देणारी दुसरी बातमी माझ्याकडे नाही. गोळी नियमित घेऊन व्हायरल लोड मोजता येणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला एचआयव्ही होत नाही. एचपीटीएन ०५२ या अभ्यासात २०११ मध्ये पहिल्यांदा याचा ठोस पुरावा आला. त्यात पुण्याच्या नारी, म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतलीही जोडपी होती. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये हेच स्वच्छ शब्दांत सांगितलं.

व्हायरल लोडची तपासणी सरकारी केंद्रात फुकट आहे. औषध सुरू केल्यावर सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात, मग वर्षातून एकदा. निकाल आला का ते विचारून घ्या, आकडा हिरव्या बुकात लिहून घ्या. आकडा खाली गेलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघितला की माणसाचं गोळीशी नातं बदलतं, हे मी वारंवार पाहिलंय.

संपादक
दोन प्रतिसाद काढून टाकले आहेत. एकात एका व्यक्तीची ओळख पटेल असा तपशील होता, दुसऱ्यात औषधाची जाहिरात. कोणालाही 'तुम्ही कुठल्या गल्लीतले' असं विचारू नये.

एनएच_पासष्ट
आमचा ट्रान्सपोर्टचा व्यवसाय. पुणे-हैदराबाद लाइनवर गाड्या. एका चालकानं विश्वासानं मला सांगितलंय. तो पंधरा-वीस दिवस बाहेर असतो. त्याची तारीख आली की मी त्याला सोलापूरची खेप देतो, कारण कोणालाही सांगत नाही. पण मागच्या खेपेला गाडी हैदराबादकडं अडकली आणि गोळ्या संपल्या. अशा वेळी काय करायचं?

रातराणी
दादा, तुमच्यासारखा मालक सगळ्यांना मिळो. देशातल्या कुठल्याही सरकारी एआरटी केंद्रात हिरवं बुक दाखवून प्रवासातल्या माणसाला तात्पुरत्या गोळ्या मागता येतात. नाव सोलापुरातच राहतं. म्हणून बुक गाडीत ठेवायचं, निदान पानांचे फोटो फोनमध्ये. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी हालचाल करायची. आणि एखादी गोळी चुकली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

विसावा_घाट
सगळ्यांना कळवतो. मामा आला. तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह. टीबी नाही. चार दिवसांत गोळी सुरू झाली. तिथल्या बाकावर एक काका भेटले, त्यांनी मामाशी फक्त ज्वारीच्या भावावर गप्पा मारल्या आणि जाताना म्हणाले, 'माझं बारावं वर्ष.' मामा त्या दिवशी घरी येऊन जेवला. मामीला समुपदेशक मॅडमसमोर सांगितलं. ती रडली, भांडली, पण तपासणीला आली. तिची निगेटिव्ह आहे, तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. ऑपरेशनचंही बोलणं झालंय.

एक शंका. मामाला पित्ताचा त्रास आहे, रोज पातळ औषध पितो. ते चालेल का?

जनरल_ओपीडी
फार बरं वाटलं वाचून. पित्ताचं पातळ औषध आणि ही गोळी बरोबर घेऊ नये. त्यातल्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियममुळं डोल्युटेग्राविर अंगी लागत नाही. गोळी आधी घ्या, त्यानंतर दोन तासांनी पित्ताचं औषध. किंवा पित्ताचं औषध आधी घेतलं असेल तर गोळी सहा तासांनी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तरी हाच नियम, त्या जेवणाबरोबर घेतल्या तर एकत्र चालतात. केंद्रात पुढच्या वेळी ती बाटलीच घेऊन जा.

माणदेशी
उशिरा लिहितोय. सांगोल्याकडचा. आमच्या वस्तीवरचं एक जोडपं दिवाळीनंतर टोळीबरोबर कर्नाटकात जाणार, चार-पाच महिने. दोघांच्याही गोळ्या चालू आहेत. मुकादमाला कळू द्यायचं नाही. काय करता येईल?

रातराणी
निघायच्या महिनाभर आधी दोघांना केंद्रात पाठवा आणि कुठल्या कारखान्यावर जाणार, कधी परतणार ते सांगायला लावा. दोघं स्थिर असतील तर तीन महिन्यांच्या गोळ्या मिळतील. उरलेल्या काळासाठी कारखान्याजवळचं केंद्र कोणतं ते इथूनच विचारून ठेवायचं. विजापूर किंवा कलबुर्गीकडं असतील तर तिथं सरकारी एआरटी केंद्रं आहेत. व्हायरल लोडची तारीख मधे येत असेल तर जायच्या आधीच रक्त घेता येतं का तेही विचारा. कोपीवर राहताना गोळ्या डबीतच असू द्या, पण डब्या दोन वेगवेगळ्या पिशव्यांत वाटून ठेवलेल्या बऱ्या. एक पिशवी भिजली, हरवली तरी दुसरी राहते. कारखान्याचं नाव कळलं की मला व्यक्तिगत निरोप पाठवा, तिकडच्या कामातल्या माणसांशी मी बोलून ठेवते.